पाच घरची मधुकरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, अवधूतांनी यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आपल्या परिचयाचे आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात ही कथा येते. पृथ्वी, वायू, समुद्र हे गुरू पटकन पटतात. मला मात्र हल्लीच्या मोबाईलच्या दिवसांत आठवते ती त्यातली कुमारी. घरात वडीलधारं कोणी नाही आणि मागणी घालायला पाहुणे आलेले. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडायला बसली, तर हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरची ओढग्रस्त पाहुण्यांना कळू नये म्हणून तिनं त्या एकेक करून उतरवल्या. दोन उरल्या तरी वाजतच होत्या, एकच ठेवली तेव्हा आवाज थांबला.

यावरून अवधूत एकांत शिकले. आता व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात! दोन बांगड्या वाजतात, तिथं एवढ्यांचं काय होणार? म्हणून काहीजण म्हणतात, मोबाईल बंद केला की झाला एकांत. मला ते पुरतं पटत नाही. अवधूतांना ही कुमारी दिसली कुठं? गुहेत नव्हे. लोकांचं मर्म जाणावं म्हणून ते लोकांत हिंडत होते. एकांताचा धडासुद्धा त्यांना माणसांत जाऊनच मिळाला.

माझी नोकरी बँकेतली, त्यातली बरीच वर्षं पेन्शनच्या काउंटरवर गेली. नोव्हेंबर आला की पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला यायची. रांग मोठी, बाकडं एकच, कुरकुर भरपूर. पण त्या रांगेत कळायचं, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कोणाची मंडळी गेली, यंदा कोण आलंच नाही. मग एखादा परतताना त्याच्या घरी डोकावायचा. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आलं. आता घरबसल्या फोनपुढे चेहरा धरला तरी दाखला होतो. ही सोय वाईट, असं मी म्हणणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना खुर्चीत घालून आणलेलं मी पाहिलंय, ते हाल वाचले. पण यंत्र माणूस जिवंत आहे की नाही तेवढंच बघतं. कसा आहे, ते विचारत नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर एकटे राहतात. मुलगा परदेशी, गुणी, रोज व्हिडिओ कॉल करतो. कॉलच्या वेळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून उजेडात बसतात. दोन दिवस गॅस पेटलेला नाही, हे त्या चौकटीत दिसत नाही. शेजारच्या वहिनी आमटीची वाटी घेऊन गेल्या तेव्हा कळलं. मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून मास्तरांनीही बांगड्या उतरवूनच ठेवल्या होत्या की!

गाणगापूरला आजही भक्त पाच घरी मधुकरी मागतात. महाराज स्वतः दुपारी भिक्षेला येतात, कोणत्या रूपात ते सांगता येत नाही, ही तिथली श्रद्धा. म्हणून दारी आलेल्याकडे तिथं नीट बघतात. मागणाराही उंबऱ्यापाशी उभा राहतो, घरातलं दुखणंखुपणं त्याच्या कानावर पडतं.

येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी जन्मकाळ झाला की सुंठवड्याच्या पाच पुड्या जास्त मागून घ्या. एकटं माणूस राहतं अशी पाच घरं तुम्हाला ठाऊक असतीलच. आधी फोन करू नका, तसेच जा. बसा म्हणाले तर बसा, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरापर्यंत जाऊन या.