वाचलेल्याचे देणे

दिवाळीच्या अंकात गारपिटीचा विषय काढणे म्हणजे लाडवांच्या ताटात कारले वाढणे, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे. आमच्या परभणीकडे दिवाळी येते ती रब्बीच्या पेरणीच्या दिवसांतच. घरात चकलीचा घाणा चाललेला असतो आणि वावरात तिफण. ज्वारी, हरभरा, करडई ही पिके भुईत पडतात ती दिवाळीच्या आगेमागे, आणि त्यांचे भवितव्य ठरते ते फाल्गुनात, एखाद्या दुपारी, अर्ध्या तासात. त्यामुळे आमच्या शेतकऱ्याच्या फराळात त्या अर्ध्या तासाची थोडी भीती मिसळलेली असतेच.

दुष्काळ आणि गारपीट या दोन आपत्तींत एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते तो हवामानाइतकाच नीतीचाही आहे. दुष्काळ सर्वांवर येतो. १९७२ साली तो आला तेव्हा पाटलाची विहीर आटली आणि मजुराचा माठही आटला. एकाच रस्त्याच्या कामावर दोघांनी खडी फोडली. त्या दुष्काळाने माणसे मोडली, पण एकमेकांची असूया करायला फारशी जागा ठेवली नाही. गारेचे तसे नाही. गार पट्ट्याने पडते. काही मैल लांबीची, पण रुंदीला कधी अगदी थोडी, अशी एक वाट ढग आखतो आणि त्या वाटेवर जे असेल ते झोडपतो. वाटेबाहेरच्या वावरात ज्वारीचे कणीस तसेच डुलत असते. मधे असतो फक्त एक धुरा.

त्या धुऱ्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे पलीकडच्याला काय देणे लागते? आज मला एवढाच प्रश्न विचारावयाचा आहे. प्रश्न दिसायला सोपा आहे. उत्तर सोपे असते तर गावोगावी इतके अबोले झाले नसते.

२०१४ च्या फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला पंधरवडा ज्यांनी मराठवाड्यात काढला, त्यांना फार सांगावयास नको. तेव्हाच्या महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांपैकी २८ जिल्ह्यांना त्या गारांनी आणि अवकाळी पावसाने गाठले. एकदा पडली आणि गेली असेही नाही. थांबे, उघडीप होई, माणसे लोळलेला गहू उचलू पाहत, आणि पुन्हा आभाळ भरून येई. शाळू ज्वारी हुरड्याची वेळ ओलांडून पक्की झालेली, हरभरा काढणीला आलेला, कुठे मोसंबीला फळ, आंब्याला मोहोर. जे उभे होते ते आडवे झाले आणि जे काढून ठेवले होते ते भिजले. ज्वारी काळी पडली हे माणसाचे दुःख. कडबा काळा पडला हे बैलाचे. मोठमोठ्या झाडांखाली पाखरे मरून पडली होती. शाळेत येणारी मुले ती मोजत आली. मी मोजणी थांबवली आणि त्या दिवशी धडा घेतला नाही.

मुलांनी विचारले, गुरुजी, उन्हाळा तोंडावर आला असताना बर्फ पडतोच कसा? उत्तर पुस्तकात आहे. तापलेल्या भुईवरची हवा वेगाने वर चढते, समुद्रावरून आलेली वाफ बरोबर नेते. वर थंडगार हवेत त्या थेंबांचे बर्फ होते. खालून येणारा झोत तो कण पडू देत नाही, पुन्हा पुन्हा वर भिरकावतो, आणि दर खेपेस त्यावर बर्फाचे एकेक पूट चढत जाते. गार मधोमध कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते यामुळे. झोताला वजन पेलेनासे झाले की ती खाली येते. म्हणजे गार कुठे पडावी हे वाऱ्याचा जोर आणि गारेचे वजन या दोन गोष्टी ठरवतात. सातबारा पाहून कुणी ठरवीत नाही.

हे मुद्दाम सांगितले, कारण त्याच संध्याकाळी पारावर एक शहाणे गृहस्थ म्हणत होते, “ज्याचं त्याचं प्रारब्ध, गुरुजी. देवाघरी हिशेब चुकत नाही.” त्यांच्या स्वतःच्या वावरात गार पडली नव्हती, हे निराळे सांगावयास नकोच. माझे निरीक्षण असे आहे की, प्रारब्धाचा सिद्धान्त मार खाल्लेल्यांपेक्षा वाचलेल्यांना अधिक लवकर पटतो. मार खाल्लेला माणूस स्वतःचे समाधान करण्यासाठी ‘माझे नशीब’ म्हणाला, तर तो त्याचा आधार आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये. पण तेच शब्द धुऱ्याच्या अलीकडून आले की ते समाधान राहत नाही. ती पावती होते, आपले काही देणे उरले नाही याची. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेत मुरादाबादेकडे गारा पडून २४६ माणसे मेली, अशी नोंद आहे. त्या २४६ जणांचे हिशेब एकाच दिवशी कसे जुळले, हे कुणी मला समजावून द्यावे. आणि झाडाखालच्या त्या पाखरांचे काय?

आता याच्या उलट बाजूचाही एक मोह आहे, आणि तो अधिक सभ्य दिसतो म्हणून अधिक फसवा. वाचलेला माणूस स्वतःला अपराधी समजू लागतो. आपली ज्वारी उभी आहे याची त्याला लाज वाटते; तो रात्री चोरासारखी काढणी करतो, शेजाऱ्याशी नजर टाळतो. ही लाज कुणाच्याही पोटात घास घालीत नाही. त्याने काही चोरलेले नाही. शेजाऱ्याचे गेले म्हणून त्याचे राहिले, असेही नाही.

मग अपराध नसताना देणे कसे लागते? आपली जुनी परंपरा इथे मला उपयोगी पडते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपण सारे ऐकत आलो आहो. शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण सांगितले आहे ते मनुष्यांचे, आणि ते फेडण्याचा मार्ग सांगितला आहे तो अगदी घरगुती: आलेल्याला आसरा द्यावा, जेवू घालावे. या कल्पनेतली खुबी अशी की, माणूस जन्मतो तोच ऋणी म्हणून. त्याने काही गुन्हा केलेला नसतो. कर्ज आहे, पण कलंक नाही. वाचलेल्याचे देणे हे या जातीचे आहे असे मला वाटते. ते दान नव्हे. दान देणारा वर उभा असतो. आणि तो दंडही नव्हे.

पण तत्त्व सांगून झाले म्हणजे काम झाले असे नाही. देणे किती आणि कोणत्या रीतीने द्यावे, इथे खरी कसोटी लागते.

गारांबरोबर वारा होता. विजेचे खांब आडवे झाले, तारा वावरात लोळल्या, डीपी बंद. आजचे खेडे विजेवाचून किती पांगळे होते हे तेव्हा कळले. विहिरीत पाणी होते, पण मोटार मुकी. गिरणी बंद, ज्या घरात जाते शाबूत होते त्या घराला एकदम मान आला. गंगाखेडच्या जनाबाईंचा हा जिल्हा. जात्याची थोरवी आम्ही तोंडाने नेहमी गातो, पण पाच-सहा पायल्या दळायचा प्रसंग आला तेव्हा सुनांचे हात भरून आले आणि ती थोरवी जरा कमी झाली. फोन तर दुसऱ्याच दिवशी मेले. चिमण्यांच्या उजेडात लेकरे जेवली.

आमच्या भागातल्या एका गावात एका म्हाताऱ्याकडे जुने डिझेल इंजिन होते. मोटारी आल्यापासून ते आखाड्यावर पोत्याखाली पडून होते. त्याचे वावर गारेतून वाचले होते. त्याने इंजिन काढले, पुसले, विहिरीवर बसवले, आणि साऱ्या आळीला व जनावरांना पाणी पाजले. पैसा घेतला नाही. मात्र एक अट घातली: ज्याने त्याने आपले डिझेल आणायचे, लिटर का पाव लिटर असेना, पण आणायचे. यावर गावात टीका झाली. “एवढं पुण्य करतोय, मंग डिझेलला कामून हात आखडतो?” मी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, सगळं म्याच दिलं असतं तर लोकं पाणी पिऊन गेले असते अन् मान खाली घालून गेले असते. आता कसे, ताठ येतेत.”

मी या उत्तरावर पुष्कळ दिवस विचार केला. माझ्या एका सहकाऱ्याला ते पटले नाही; त्यांचे म्हणणे, ज्याच्या घरात पाव लिटरचेही पैसे नव्हते त्याने काय करावे? रास्त शंका आहे. चौकशीत कळले की अशी दोन घरे होती, आणि त्यांतल्या पोरांकडून म्हातारा इंजिनाचा दांडा फिरवून घेई व तेच त्यांचे डिझेल समजे. म्हणजे शंका त्याच्याही मनात येऊन गेलेली होती.

असाच प्रसंग दूर कॅनडात घडला होता. १९९८ च्या जानेवारीत क्युबेक प्रांतात गोठत्या पावसाने सर्वत्र बर्फाचे कवच चढले. विजेचे सुमारे एक हजार मनोरे कोसळले, लाखो घरे अंधारात गेली, काही भागांत महिन्याहून अधिक काळ. तिथले गोठे विजेवर चालणारे. गाय काही वीज येईपर्यंत थांबत नाही. धार वेळेवर निघाली नाही तर कास सुजते. तेव्हा ज्यांच्याकडे जनित्रे होती त्यांनी ती एका गोठ्यावरून दुसऱ्या गोठ्यावर फिरवली. आमच्या म्हाताऱ्याने क्युबेकचे नाव ऐकले नसेल, पण त्याला ही गोष्ट सांगितली असती तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, “अन् तेल कोणाचं?”

व्यक्तीने काय करावे याचे झाले. समाज म्हणून हेच देणे आपण विम्याने आणि सरकारी मदतीने फेडतो. विमा म्हणजे दुसरे काय? वाचलेल्यांचे हप्ते मार खाल्लेल्यांकडे जातात, फक्त कुणाला कुणाचे तोंड दिसत नाही. सोय मोठी आहे. मी तिला नावे ठेवणार नाही. पण कागद आला की रेघ येते. २०१४ साली मदतीसाठी निम्म्याहून कमी नुकसान चालत नसे. २०१५ च्या एप्रिलमध्ये ती मर्यादा पंतप्रधानांनी ३३ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले. बरे झाले. तरीही उभ्या पिकाकडे बघून हे ४९ की ५१ हे कोणता डोळा सांगू शकतो? पंचनाम्याच्या वेळी मग गावात एक तोडगा निघतो: वाद नको, सगळ्यांचीच नावे घाला. ऐकायला बंधुभावाचा वाटतो. मला तो मान्य नाही. ज्याचे गेले नाही त्याने गेलेल्यांच्या रांगेत उभे राहणे म्हणजे देणे फेडणे तर नाहीच, उलट ऋणकोने सावकाराचे सोंग घेणे आहे.

आणि जे त्या कागदावर येऊच शकत नाहीत, त्यांचे काय? ज्वारी काढणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती पुष्कळदा धान्यात. वर्षाची भाकर ती त्या चार आठवड्यांत मिळवते. कणसे काळी पडली तेव्हा तिचीही भाकर काळी पडली. पण तिचे वावर नाही, म्हणून गार तिच्यावर पडलीच नाही, असे कागद म्हणतो. सालगड्याचे साल पाडव्याला संपते. त्या वर्षी पाडवा ३१ मार्चला होता. मोडलेला मालक नवा गडी कशाच्या जोरावर ठेवणार? बटाईदाराची तर आणखी तऱ्हा. घाम त्याचा, बियाणे निम्मे त्याचे, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचे. मदत आली ती नावावर आली.

या शेवटच्या प्रकारातला एक मालक माझ्या परिचयाचा आहे. सधन नव्हे, दोन मुली लग्नाच्या, सोसायटीचे कर्ज डोक्यावर. मदतीची रक्कम खात्यात जमा झाली त्या दिवशी तो बटाईदाराला घेऊन तालुक्याला गेला, पैसे काढले आणि बँकेच्या पायरीवरच निम्मे त्याच्या हातात दिले. पीक आले असते तर निम्मे वाटले असते, तसेच. घरी त्याच्या बायकोने चार दिवस त्याच्याशी धड भाषण केले नाही, आणि तिचेही चुकले असे मी म्हणू शकत नाही. मुलींची काळजी तिच्याच उशाशी असते. पुढे मृगात दोघांनी मिळून त्याच वावरात कापूस लावला.