जवळ्याची पुडी

कल्याण,
नारळी पौर्णिमा

चि. नातीस,

तुझा प्रश्न मिळाला. शाळेच्या प्रकल्पासाठी तू क्रिल हा विषय घेतलास आणि विचारलंस, "आजी, क्रिल म्हणजे आपला जवळाच ना?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण मला ते सावकाश द्यायचं होतं, म्हणून पत्र लिहायला बसले.

सोबत एक पुडी पाठवते आहे. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करताना घेतलेला जवळा आहे. चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसर आणि वर भिंग धर. उन्हात वाळून वाकलेले फिकट गुलाबी देह दिसतील, एकेक जेमतेम नखाएवढा. डोक्याकडचे दोन काळे ठिपके म्हणजे डोळे. मिशा अंगापेक्षा लांब असतात, पण वाळवताना, चाळताना त्या बहुधा तुटून जातात. आता चिमटीत किती जीव आले ते मोज. भाजीसाठी मी ओंजळभर घेते, कोरडाच तव्यावर परतते, चाळून वाळू काढते आणि कांद्याबरोबर आमसूल घालून शिजवते. त्या एका ओंजळीत शेकडो प्राणी असतात. इतकी वर्षं चुलीपुढे उभी राहूनही प्रत्येक वेळी मला याचं नवल वाटतं.

तर, जवळा म्हणजे क्रिल नव्हे. जवळा कोळंबीच्या गोतातला, त्याचं शास्त्रीय नाव असेटीस इंडिकस. क्रिलचं कुळ निराळं. क्रिलचे कल्ले कवचाबाहेर उघडे दिसतात, जवळ्याचे झाकलेले असतात. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातला मोठा क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, पाच-सहा वर्षं जगतो आणि अंगावरच्या बारीक अवयवांतून निळसर प्रकाश टाकतो. मात्र समुद्रात दोघांचं काम एकच. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती सूर्याच्या उजेडावर वाढतात. त्या इतक्या बारीक की मोठ्या प्राण्यांना थेट खाता येत नाहीत. क्रिल पुढच्या पायांची टोपली करतो, त्यात पाणी गाळतो आणि ही हिरवी धूळ खातो. मग क्रिलला पेंग्विन, सील, मासे आणि देवमासे खातात. डोळ्यांना न दिसणारं अन्न क्रिल घासाएवढं करून देतो. जवळाही बारीक प्लवक आणि कुजलेल्या पानांचा चुरा खातो आणि बोंबलापासून कितीतरी माशांचं पोट भरतो. आपण बोंबील खातो तेव्हा एका अर्थी जवळाच खातो.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. निळा देवमासा म्हणजे क्रिल खाणारा, हे तू पुस्तकात वाचलंच असशील. पण श्रीलंकेच्या शास्त्रज्ञ आशा डी वॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या निळ्या देवमाशांची विष्ठा तपासली, आणि 2018 साली निष्कर्ष मांडला की तिथे त्यांचं मुख्य खाणं क्रिल नसून सर्जेस्टिड कुळातली बारीक कोळंबी आहे. आपला जवळा त्याच कुळातला! हे देवमासे आपल्या किनाऱ्यालाही परके नाहीत. 2015 साली सिंधुदुर्गाजवळच्या समुद्रात निळे देवमासे दिसले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बेचाळीस फुटी निळा देवमासा येऊन लागला. लोकांनी त्याला परत पाण्यात ढकलायची खटपट केली, पण तो वाचला नाही. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी आणि तुझ्या कागदावरची ही चिमूट यांच्यामध्ये एका घासाचं अंतर आहे.

इथपर्यंत तू प्रकल्पात लिहिशीलच. पुढचं मात्र नुसतं लिहू नकोस, त्यावर विचार कर.

विसाव्या शतकात माणसाने दक्षिणेच्या समुद्रांत निळे देवमासे मारले, तीन लाखांहून जास्त. तेव्हा हिशेब सरळ वाटत होता: खाणारे गेले, आता क्रिल उदंड होईल. तसं झालं नाही. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला 1970 च्या दशकानंतर क्रिल उलट घटला. समुद्रावरचं बर्फ कमी होणं हे त्याचं एक कारण, कारण क्रिलची पिल्लं हिवाळ्यात बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. दुसरं कारण शास्त्रज्ञ मांडतात ते देवमाशाच्या विष्ठेत आहे. त्या समुद्रात लोह फार कमी आणि लोहाशिवाय सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत. क्रिलच्या अंगात लोह साठलेलं असतं. देवमासा क्रिल खातो आणि पृष्ठभागाजवळ येऊन विष्ठा टाकतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 2010 साली दाखवलं की तिच्यातलं लोह भोवतालच्या पाण्यातल्या लोहाच्या निदान एक कोटी पट असतं. म्हणजे देवमासा जिथे जेवत होता, तिथेच खत घालत होता. शेतकरी गेला आणि शेतही रोडावलं.

बाळ, समुद्रात प्रत्येक खाणारा काहीतरी परत देतो. आपण क्रिल पकडतो आणि मत्स्यशेतीच्या खाद्यात, तेलाच्या कॅप्सूलमध्ये भरून दूर नेतो. त्या लोहातला कणही त्या पाण्यात परत जात नाही. दक्षिणेकडचा हा साठा राखण्यासाठी 1982 पासून एक आंतरराष्ट्रीय करार लागू आहे. किती पकडायचं याची मर्यादा त्याखाली ठरते, आणि 1986 पासून भारत त्या व्यवस्थेचा सदस्य आहे. ही मर्यादा ठरवताना माणसाच्या आधी देवमासे, सील आणि पेंग्विन यांचा वाटा धरायचा, हे त्या कराराचं तत्त्व मला फार मोलाचं वाटतं. पंगतीत जो आधीपासून बसला आहे, त्याचं पान मांडून मग आपलं मांडावं.

हेच आपल्या दारातही लागू आहे. तू आलीस की आपण दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीवर जातो. उल्हास नदी इथे भरतीच्या पाण्याला भेटते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. काठावरच्या तिवरांची पानं गळून चिखलात कुजतात, ओहोटी तो चुरा घेऊन जाते. वसई-अर्नाळ्याकडे कोळी लोक समुद्रात खुंट ठोकून डोल जाळी लावतात. भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी त्यातून गाळलं जातं आणि बोंबील, जवळा, करंदी मागे राहते. तो जवळा कशावर पोसला? थोडासा तरी आपल्या तिवरांच्या पानांवर. म्हणजे कल्याणची खाडीही समुद्राला देणारी आहे. पण आज आपण तिच्यातून सांडपाणी आणि प्लॅस्टिकही पाठवतो, आणि भराव घालून तिवरं बुजवतो. जवळ्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. त्याचा भाव कमी, म्हणून त्याचं मोलही कमी असं आपण धरून चालतो. ही चूक तू करू नकोस.

आज नारळी पौर्णिमा. मासेमारीची पावसाळी बंदी पाळून कोळी समुद्राला नारळ वाहतात. घेण्याआधी थांबायचं आणि द्यायचं, ही रीत त्यांनी कुठल्याही करारापूर्वी घालून ठेवली आहे.

प्रकल्पात मोठं चित्र देवमाशाचं काढलंस तरी चालेल, पण पुडीतला एक जवळा त्याच्या शेजारी चिकटव आणि मधे दोन बाण काढ. एक जवळ्याकडून देवमाशाकडे आणि दुसरा देवमाशाकडून परत पाण्याकडे. हा दुसरा बाण बहुतेक पुस्तकांत नसतो. उरलेला जवळा आईकडे दे आणि संध्याकाळी भाकरीबरोबर खा. दिवाळीत आलीस की ओहोटीच्या वेळी खाडीवर जाऊ. पाणी काय घेऊन जातं, ते काठावर उभं राहून बघू.

तुझी,
आजी