वाळीत टाकण्याचा हक्क कुणाचा?

रेवदंडा आणि आसपासच्या गावांत एके काळी काही तेलाचे घाणे शनिवारी थांबत. घाणेवाले मराठी बोलत, त्यांच्या घरातल्या बायका इथल्यासारखीच लुगडी नेसत, आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली. शनिवारी काम नाही, एवढ्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. ते होते बेने इस्रायली, कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे ज्यू. नौगावजवळ गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्यांचा हा वंश, असं त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ गेले, धर्मगुरू नव्हते. शनिवारची विश्रांती, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढ्यावर धर्म टिकला. पुढे दावीद रहाबी नावाच्या ज्यूने त्यांची परीक्षा घेतली, अशीही कथा आहे. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले, म्हणजे ज्यू धर्माने खायला मुभा दिलेले, तेवढे निवडून वेगळे काढले. त्याची खात्री पटली.

विसाव्या शतकात हे लोक इस्रायलला गेले, तेव्हा मासे निवडून भागणार नव्हतं. तिथल्या 1953च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट धर्मगुरूंच्या न्यायालयांकडे सोपवले होते, आणि नोंदणी विवाहाची सोय देशात नव्हती. 1961मध्ये रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, सर्वोच्च परिषदेने बेने इस्रायलींशी विवाहाला मान्यता दिली. मात्र फेब्रुवारी 1962मध्ये विवाह लावणाऱ्या रब्बींसाठी सूचना निघाल्या: वधू किंवा वर बेने इस्रायली असेल, तर त्यांच्या पूर्वजांची जमेल तितक्या मागच्या पिढीपर्यंत चौकशी करा. शतकानुशतकं शनिवार पाळलेल्या कुटुंबांना आता आजी-पणजीचा पुरावा द्यायचा होता. कोकणातल्या कुठल्या दप्तरात तो मिळणार? 1964च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. 17 ऑगस्टला संसदेने ठराव केला की सरकार बेने इस्रायलींना सर्वार्थाने ज्यू मानतं. महिनाअखेरीस रब्बींनी त्या सूचनांतून जमातीचं नाव वगळलं.

योगायोग असा, की त्या सूचनांच्या महिनाभर आधी, 9 जानेवारी 1962 रोजी, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने जवळपास ह्याच प्रश्नावर निकाल दिला होता. मुंबई राज्याने 1949 साली बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. कुठल्याही जमातीने आपल्या माणसाला जातीबाहेर काढलं, तर ते काढणं कायद्याने निरर्थक ठरायचं. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं. मुंबई उच्च न्यायालयात कायदा टिकला. सर्वोच्च न्यायालयात पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी तो रद्द केला. धार्मिक कारणावरून माणसाला बाहेर काढणं हा पंथाची एकता राखण्याचा मार्ग आहे, तेव्हा राज्यघटनेच्या 26व्या अनुच्छेदाने पंथाला आपल्या धर्मविषयक कारभाराचं जे स्वातंत्र्य दिलं आहे त्यात तो बसतो, असं त्यांचं म्हणणं. माणसाचे नागरी हक्क त्यात गेले, तरी ह्या स्वातंत्र्याला बाध येत नाही.

सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे विरुद्ध बाजूला उभे राहिले. बहिष्कृत माणसाची गत अस्पृश्यासारखी होते आणि ती थांबवणारा कायदा म्हणजे समाजसुधारणाच, असा त्यांचा रोख होता.

बहुमताच्या निकालामागे एक जुना विचार आहे: श्रद्धा मोकळी ठेवायची, तर श्रद्धावंतांच्या समूहालाही आपलं दार राखता आलं पाहिजे. जो मूळ सिद्धान्तच नाकारतो त्याला सभासद ठेवायची सक्ती सरकार करू लागलं, तर पंथ आणि सरकारी खातं यांत फरक तो काय राहील? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यात एक गृहीत दडलं आहे. बाहेर काढलेल्याला बाहेरच जायचं होतं, असं ते गृहीत. प्रत्यक्षात न्यायालयाची पायरी चढतो तो बहुधा श्रद्धा सोडलेला माणूस नसतो. ‘मी आजही ह्याच धर्माचा आहे’ असं तो म्हणतो. जेरुसलेममध्ये धरणं धरणारेही हेच म्हणत होते. विवेकाचं स्वातंत्र्य म्हणजे केवळ धर्म सोडायची मुभा असेल, तर अशा माणसाला ते काहीच देत नाही.

रेवदंडा ज्या कुलाबा जिल्ह्यात होता, त्याच जिल्ह्यातल्या महाडचा एक खटला इथे आठवावा लागतो. 20 मार्च 1927ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काही सवर्णांनी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. तळ्यावर अस्पृश्यांनी यायचं नाही ही अनादी रूढी आहे, असा त्यांचा दावा. तो नऊ वर्षांहून जास्त चालला. 17 मार्च 1937ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड, म्हणजे 1922 साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारेच, ह्या पीठावर होते. न्यायालय शास्त्रार्थात शिरलं नाही. तळं नगरपालिकेचं होतं, आणि अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. अपील फेटाळलं गेलं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दिसतं, वाद एकट्या श्रद्धेचा नसतो. पंथाच्या दाराआड जगण्यातलं काय काय कोंडलेलं आहे, यावर बरंच ठरतं. महाडला पाणी सार्वजनिक निघालं, म्हणून रूढीची पकड सुटली. इस्रायलमध्ये सरकारने लग्नाची किल्लीच धर्मगुरूंच्या हाती दिली होती. त्यांचा नकार हा आपोआप सरकारचा नकार झाला. भारतात 1954चा विशेष विवाह कायदा आहे, त्यामुळे कुणा धर्मगुरूने पाठ फिरवली तरी लग्न अडत नाही. पंथाच्या दाराबाहेर दुसरी वाट मोकळी असेल, तर बाहेर काढणं दुखावतं, पण जगणं बंद पाडत नाही.

धर्मगुरू नसतानाही हे दार लागतं. रायगडच्या, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या, गावागावांतल्या गावकीने माणसं वाळीत टाकल्याच्या तक्रारी गेल्या दशकात पोलीस ठाण्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. अशा कुटुंबाशी कुणी बोलायचं नाही, दुकानदाराने माल द्यायचा नाही, लग्नाला किंवा मयताला जायचं नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो जुलै 2017मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1949च्या कायद्याने बहिष्कार निष्फळ ठरवला होता आणि तो टाकणाऱ्याला फक्त दंड ठेवला होता. नव्याने कैदेचीही तरतूद केली.

मग 1962च्या निकालाचं काय? त्याचा फेरविचार मागणारी याचिका 1986 सालची. फेब्रुवारी 2023मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो प्रश्न शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रकरणाबरोबर नऊ न्यायमूर्तींपुढे सोपवला. दुसरी वाट असली की पुरे, हे उत्तर पाण्याला आणि लग्नाला लागू पडतं. दफनभूमीपाशी मात्र ते अडतं. ती बहुधा जमातीच्याच मालकीची असते, चवदार तळ्यासारखी नगरपालिकेची नव्हे. बहिष्कृताला दुसरीकडे कुठे तरी साडेतीन हात जागा मिळेलही. पण त्याचं मागणं आई-वडिलांशेजारी विसावण्याचं असतं, आणि त्याला पर्यायी जागा कुठलंही सरकार देऊ शकत नाही.