एकशे वीस तासांनंतर



मध्यंतरी एका रविवारी मिस्सेनंतर एक विद्यार्थिनी आम्हाला भेटायला आली. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी चर्चच्या हॉलमध्ये ती पाचवी ते आठवीच्या मुलांना संगणकाचे प्रोग्रॅमिंग शिकवते. अधूनमधून चार-पाच लिंबांत तांब्याच्या तारा आणि जस्ताचे खिळे खोचून इवलासा एलईडी पेटवण्यासारखे प्रयोगही होतात. फी नाही.

“फादर, एनएसएसचे माझे १२० तास झाले. आता वर्ग बंद केला तर पाप लागेल का?”

आम्ही हसलो. पण नंतर त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यावी, असा तिचा नियम. तास मोजून केलेली सेवा ही सेवाच नव्हे, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आपल्यापैकी किती जण पिकनिकच्या आशेने वेदीसेवक झालो होतो, ते आठवावे! प्रमाणपत्रासाठी आलेला माणूस पुढे मुलांसाठी थांबू शकतो.

खरा प्रश्न निराळा आहे. जे करण्याचे बंधन नव्हतेच, ते एकदा सुरू केल्यावर सोडायला आपण मोकळे असतो का?

सेमिनरीत आम्ही कांटचा १७८५ सालचा नीतिशास्त्रावरील ग्रंथ अभ्यासला होता. दुसऱ्याला मदत करणे हे कर्तव्य आहे, पण कोणाला, किती आणि केव्हा, याला तो सवड देतो. दिलेला शब्द पाळण्याला मात्र अशी सवड नाही. आता या मुलीने कोणालाच शब्द दिलेला नव्हता. पण वर्ग साडेनऊचा असताना एक मुलगा साडेआठलाच हॉलच्या पायरीवर येऊन बसतो. तो बसतो हे तिला ठाऊक आहे, आणि तिने ते चालू दिले आहे. आमच्या मते शब्द तिथेच दिला गेला, तोंडाने उच्चारला नाही इतकेच.

तिने आणखी एक गोष्ट कबूल केली: कंटाळा येतो. पडद्यावरचे तेच मांजर, तीच दहा पावले. सन ४०० च्या सुमारास कार्थेजच्या एका डीकनने संत ऑगस्टीनकडे हीच तक्रार केली होती. नवख्यांना तेच ते शिकवून तो थकला होता. ऑगस्टीन त्याला सुचवतात की, पाहुण्याला आपले गाव दाखवताना रोजच्या वाटाही आपल्याला नव्याने दिसतात. तेव्हा कंटाळ्याचा इलाज मुलांपाशीच आहे. पण परीक्षेचे काय? रोजच्या लोकलच्या गर्दीचे काय? घरी आईवडिलांना काळजी आहेच. एकदा हात दिला की जन्मभराचा फास बसणार असेल, तर शहाणी मुले हातच देणार नाहीत. तिच्यावर तसले ओझे टाकणे हाही अन्यायच.

उत्तर तिच्याच वहीत सापडले. ती शिकवते ते स्क्रॅच, २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटीने मुलांसाठी मोफत खुले केलेले. त्यात सूचनांचे रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे. एक ठोकळा सांगतो, ‘हे दहा वेळा कर’. दुसरा सांगतो, ‘हे कायम करत राहा’. आम्ही म्हटले, “अगं, तू दुसरा ठोकळा लावलास असे मुलांना वाटते आहे. पहिला लाव, आणि तसे त्यांना सांग.”

पुढच्या रविवारी तिने सांगितले: आणखी दहा रविवार, त्यानंतर मी नसेन. हॉल गप्प झाला. तो पायरीवरचा मुलगा तर तिच्याशी बोललाही नाही, पण त्यानंतरच्या रविवारी साडेआठला हजर होता. आता भिंतीवर खडूच्या रेघा मोजल्या जात आहेत. मधला एक रविवार मतमाउलीच्या यात्रेचा आहे. तो दहात धरायचा की नाही, यावरचा मुलांचा वाद अजून मिटलेला नाही.