वळण आणि पात्र: बोन्साय-परीक्षणामागचा नैतिक प्रश्न

‘बोन्साय’ या जपानी शब्दात ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. मराठीतला ‘वामनवृक्ष’ हा शब्द झाडाच्या लहानपणाकडे बोट दाखवतो; जपानी शब्द आधी पात्राचे नाव घेतो. हा फरक वरवरचा नाही. खुरटलेले झाड कड्याच्या फटीतही सापडते. ते बोन्साय ठरते कुणीतरी त्याला वळण लावून कुंडीत बसवल्यावर. म्हणून बोन्सायचे परीक्षण करताना झाडाचे रूप आणि कुंडीची निवड यांचा विचार एकत्रच होतो. वरकरणी ही चर्चा रुचीची असली तरी तिच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे: जिवंत वस्तूला वळण लावण्याचा माणसाला अधिकार कितपत आहे, आणि तो कशावरून ठरतो?

परीक्षण खालून वर चालते. प्रथम मातीवर दिसणारा मुळांचा पसारा, ज्याला जपानीत ‘नेबारी’ म्हणतात. तो सर्व बाजूंनी जमीन धरून असावा. मग बुंधा: तो तळाशी जाड आणि शेंड्याकडे क्रमाने निमुळता हवा. पहिली फांदी साधारणतः उंचीच्या एक तृतीयांशावर असते. शेंडा पाहणाऱ्याकडे किंचित झुकलेला असतो. समोरासमोर एकाच उंचीवर फुटलेल्या फांद्या, वळणाच्या आतल्या बाजूने निघालेली फांदी, एकमेकींना छेदणाऱ्या फांद्या आणि सालीत रुतलेले तारेचे वळ हे दोष मानले जातात. सरळ उभ्या ‘चोक्कान’ शैलीला एक मोजपट्टी लागते, तर कड्यावरून खाली झेपावणाऱ्या ‘केंगाई’ शैलीला दुसरी.

हे नियम मनमानी वाटतात, पण त्यांतल्या बहुतेकांमागे झाडाच्या आयुष्यातली एखादी घटना असते. डोंगरावरच्या जुन्या सूचिपर्णी वृक्षाच्या फांद्या खाली झुकतात, कारण त्यांनी वर्षानुवर्षे बर्फाचा भार सोसलेला असतो. कोवळ्या झाडाच्या फांद्या वरच जातात. पावसाने माती धुऊन नेली की मुळे उघडी पडतात. वीज पडली, फांदी मोडली की लाकूड वाळून पांढरे पडते. अशी मृत फांदी म्हणजे ‘जिन’ आणि बुंध्यावरचा सालहीन पट्टा म्हणजे ‘शारी’. जाणता परीक्षक झाडाकडे चरित्र वाचावे तसे पाहतो. त्याच्या लेखी दोष म्हणजे कारणावाचून घडलेली घटना. वाऱ्याने एका दिशेला रेटलेल्या झाडाची एकच फांदी वाऱ्याच्या तोंडावर बिनदिक्कत पसरली असेल, किंवा शारीवर हत्याराच्या ताज्या खुणा दिसत असतील, तर ते चरित्र खोटे पडते. वळण दिसावे, वळवणारा हात दिसू नये, अशी ही अपेक्षा आहे.

नियम हे साधन आहे, साध्य नव्हे, याची आठवण ‘बुंजिन’ शैली करून देते. चिनी विद्वज्जनांच्या चित्रपरंपरेतून आलेल्या या शैलीत बुंधा बारीक व उंच असतो आणि शेंड्याजवळच्या मोजक्या फांद्यांपलीकडे काही नसते. पहिल्या फांदीचा नियम तिथे मोडतो, जाड बुंध्याचाही मोडतो. तरीही असे झाड पटते, कारण दाट रानात उजेडासाठी वर धावलेल्या आणि खालच्या फांद्या गमावलेल्या वृक्षाची कथा ते नेमकी सांगते.

कुंडीची निवडही मोजमापातून सुरू होते. उभ्या झाडाची कुंडी सहसा उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश लांबीची आणि बुंध्याच्या तळच्या जाडीइतकी खोल असते. पाइन व जुनिपरला झिलई नसलेली, तपकिरी किंवा करड्या मातीची कुंडी देतात; पानगळी, फुलणाऱ्या वा फळणाऱ्या झाडांना सौम्य झिलईची. केंगाईला खोल कुंडी लागते, बुंजिनला लहान, बहुधा गोल. जपानमधल्या तोकोनामे आणि चीनमधल्या यीशिंग इथल्या कुंड्यांना मोठा मान आहे. आयताकृती किंवा लंबगोल कुंडीत झाड सहसा अगदी मधोमध न लावता किंचित एका बाजूला आणि मागे लावतात, म्हणजे त्याच्यासमोर मोकळी जागा राहते.

कुंडी फार मोठी झाली की जुने झाडही रोपासारखे दिसते, शिवाय जास्तीच्या मातीत पाणी साचून मुळे कुजण्याचा धोका असतो. भडक झिलई झाडाआधी स्वतःकडे लक्ष ओढते. पण कुंडीचे खरे काम याहून खोल आहे. झाडाचे रूप हाताच्या खुणा लपवते. कुंडी मात्र हे सारे माणसाने घडवले आहे, हे उघडपणे सांगते. म्हणजे बोन्साय निसर्गाचा आभास निर्माण करते आणि त्याच क्षणी तो आभास असल्याची कबुलीही देते. चांगली कुंडी ही कबुली ओशाळून देत नाही आणि मिरवतही नाही.

या साऱ्या व्यवहारावर जुने आणि गंभीर आक्षेप आहेत. चौदाव्या शतकात योशिदा केन्को याने आपल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या ग्रंथात हिनो सुकेतोमो या दरबारी पुरुषाची हकीकत सांगितली आहे. क्योतोच्या तोजी मंदिराच्या दाराशी पावसासाठी थांबलेला असताना त्याला हातपाय वाकलेली माणसे दिसली. आधी कुतूहल वाटले, मग ते ओसरले, आणि साधे-सरळ तेच बरे असे त्याच्या मनाने घेतले. घरी जाऊन त्याने हौसेने जमवलेली वाकडीतिकडी कुंडीतली झाडे उपटून टाकली. त्या माणसांविषयीचा त्याचा निष्कर्ष आज कठोर वाटतो. पण वाकडेपणाची केवळ मौज घेणारी आपलीच नजर त्याला त्या दिवशी दिसली, हे महत्त्वाचे. चीनमध्ये गाँग झीचेन याने 1839 च्या सुमारास लिहिलेल्या एका निबंधात विद्वानांच्या रुचीपायी वाकवलेल्या, छाटलेल्या प्लमच्या झाडांना ‘आजारी’ म्हटले. अशा तीनशे कुंड्या विकत घेऊन, त्या फोडून, झाडे जमिनीत लावण्याचा आणि पाच वर्षांत ती बरी करण्याचा संकल्प त्यात आहे. माणसांची बुद्धी साच्यात दडपणाऱ्या व्यवस्थेवरचे ते रूपक मानले जाते. पण रूपक टोचते ते झाडाबाबतचे म्हणणे खरे वाटते म्हणूनच.

जपानी बौद्ध परंपरेत, विशेषतः तेंदाई पंथात, गवत आणि वृक्ष यांनाही बुद्धत्व मिळते असा विचार विकसित झाला. त्यामुळे प्रश्न अधिक अवघड होतो, कारण मग झाड हा नुसता कच्चा माल राहत नाही. या आक्षेपांचे उत्तर सौंदर्याच्या नियमांत सापडत नाही. झाडाच्या प्रकृतीत सापडते. गाँग झीचेनचा मूळ आरोप रोगाचा आहे. मुळांची योग्य छाटणी झाली की नवी तंतुमुळे फुटतात आणि कुंडीतले झाड दीर्घकाळ निरोगी राहू शकते. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचे 1625 पासून कुंडीत वाढवलेले पाइनचे झाड 1945 च्या अणुस्फोटातून वाचले; 1976 मध्ये ते अमेरिकेला भेट देण्यात आले. मर्यादा म्हणजे इजाच, असे यावरून म्हणता येत नाही. मात्र झाडाने संमती दिली होती, असेही यातून सिद्ध होत नाही.

संमती मिळणारच नसेल, तर अधिकाराचा आधार जबाबदारीतच शोधावा लागतो. उथळ कुंडीतली माती लवकर सुकते. उन्हाळ्यात रोज, कधी दिवसातून दोनदा पाणी लागते. दर काही वर्षांनी झाड बाहेर काढून मुळे छाटावी लागतात, माती बदलावी लागते. तार रुतण्याआधी सोडवावी लागते. कुंडी झाडाला बांधते तशी माळ्यालाही बांधते, आणि हे बंधन पुष्कळदा एका आयुष्यात संपत नाही. बोन्साय कधीच पूर्ण होत नसल्याने त्याच्या परीक्षणातही अंतिम निकाल नसतो. पुढच्या छाटणीला कोणती फांदी ठेवावी, पुढची कुंडी कोणती असावी, एवढेच त्यात ठरते. झाडाचे रूप, कुंडीचे माप आणि झाडाची प्रकृती या तिन्ही कसोट्या शेवटी एकाच गोष्टीची पारख करतात. मराठीत ‘पात्र’ म्हणजे भांडेही आणि लायकही. परीक्षकाने पाहायचे ते हे, की ज्याने झाडाला पात्र दिले, तो त्या झाडाला पात्र आहे का.