भुकेचे माप

धर्मशिक्षणाच्या वर्गात सात प्रमुख पापांची यादी आम्ही एका दमात म्हणत असू. त्या यादीत खादाडपणा आणि आळस ही दोन पापे वेगवेगळ्या क्रमांकांवर उभी होती, आणि पुढे कितीतरी वर्षे मी ती तशीच वेगळी मानली. माणूस अधिक खातो तो जिभेच्या लोभाने, बसून राहतो तो अंगचोरपणाने. दोहोंचा जाब ज्याचा त्याने द्यावा. या सोप्या हिशेबाच्या बळावरच मी एकदा माझ्या धाकट्या भावाला चारचौघांत सुनावले होते, "तोंडाला आवर घाल." त्याच्या मधुमेहाचे निदान नुकतेच झाले होते. तो काही बोलला नाही. पुढ्यातले ताट मात्र त्याने अर्धेच सोडून बाजूला सारले.

आमचे वडील वसईतल्या आपल्या वाडीत पहाटे रहाट जुंपत, केळींना पाणी लावत, आणि दुपारी तांदळाच्या चार भाकऱ्या सुक्या बोंबलांच्या कालवणाबरोबर संपवीत. त्यांना कोणी खादाड म्हटले नाही. भावाने किराणा मालाचे दुकान काढले आणि सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत तो गल्ल्यावर बसू लागला. भाकऱ्या चारच राहिल्या. शिवाय अकराचा चहा, त्यासोबतचे फरसाण, चार वाजताची बिस्किटे यांची भर पडली. श्रम गेले, तर भूकही त्यांच्यामागोमाग जायला हवी होती. ती का गेली नाही?

या प्रश्नावरचे एक जुने संशोधन आपल्याच देशातले आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीच्या परिसरातील २१३ पुरुषांचे काम, आहार आणि वजन यांची सांगड घालून पाहिली व १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हलक्या कामापासून अतिश्रमाच्या कामापर्यंत आहार श्रमांच्या प्रमाणात वाढत गेला होता, आणि वजन फारसे बदलले नव्हते. पण अगदी बैठे काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण मोडले होते. दिवसभर दुकानात बसणारा माणूस हलके काम करणाऱ्याहून कमी नव्हे, तर अधिक खात होता आणि त्याचे वजनही अधिक होते. आता, दुकानदाराच्या गाठीला चार पैसे जास्त असतात, हे विसरून चालणार नाही. एका गिरणीवरून मनुष्यमात्राचा नियम काढणे हाही उतावीळपणाच. तरी त्यातून सुचणारी गोष्ट विचार करायला लावते. भूक हा तराजू मानला, तर अंगाला थोडीफार हालचाल असेपर्यंतच त्याचा काटा खरे सांगतो.

वाळवंटातल्या तपस्व्यांना ही गोष्ट वेगळ्या वाटेने कळली होती. पाचव्या शतकाच्या आरंभी जॉन कॅसियन यांनी मठवासीयांच्या आंतरिक विषण्णतेचे जे वर्णन केले, त्यात सकाळी अकरा-बाराच्या सुमारास खोलीत बसून कंटाळलेल्या साधूची अवस्था येते. लांबचा प्रवास करून आल्यासारखा किंवा फार कष्टाचे काम केल्यासारखा तो गळून जातो आणि अन्नासाठी आसुसतो. वास्तविक त्याने काहीच केलेले नसते. हे वाचले आणि मला भावाचा अकराचा चहा आठवला.

मग हे पाप कोणाचे? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाचे मूळ अन्नाच्या परिमाणात नव्हे, तर वासनेच्या बेशिस्तीत शोधले. हे अन्न आपल्याला आवश्यकच आहे अशा समजुतीने जो अधिक खातो, तो खादाड नसून अननुभवी आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. (ते स्वतः चांगले स्थूल होते, असे सांगतात. दिवसभर बसून लिहिणाऱ्या माणसाला हा भेद सुचावा, याचे मला नवल वाटत नाही.) भावाला भूक लागत होती, ती खोटी आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. या न्यायाने तो निर्दोष ठरतो. दोष असलाच, तर तो हाती ताट येण्याच्या कितीतरी आधी, दिवसाची मांडणी करताना घडलेला असतो. आणि ती मांडणी बहुधा एकट्याच्या हाती नसते. शिंपी, वाहनचालक, रात्रपाळीचा पहारेकरी हे पोटासाठी बसतात. त्यांच्यावर आळसाचा आरोप करणे निष्ठुरपणाचे आहे.

मात्र ज्यांना निवड करता येते आणि ज्यांना हे कळून चुकले आहे, त्यांच्यापाशी अज्ञानाची सबब उरत नाही. त्यांत मी आलोच. माझ्या घरापासून चर्च दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. उपवासकाळात शुक्रवारी मी मांसाहार वर्ज्य करतो आणि क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला स्कूटरवरून जातो. वर्षानुवर्षे मला यात काहीही विसंगत दिसले नव्हते. रस्त्याच्या कडेला पायी चालायला जागा उरलेली नाही, हे खरे. पण ती कडा गिळणाऱ्या वाहनांत माझेही एक होते.

गेल्या वर्षीच्या उपवासकाळात मी स्कूटर घरी ठेवली आणि भावाच्या दुकानावरून चालत गेलो. त्या जुन्या वाक्याबद्दल मला त्याची क्षमा मागायची होती. ती गल्ल्यासमोर गिऱ्हाइकांच्या गर्दीत कशीबशी मागितली. त्याने मुलाला हाक मारून गल्ल्यावर बसवले, चपला शोधल्या आणि म्हणाला, "दादा, सावकाश चल. पाय लवकर दुखतात माझे."