काचेवरचे पाऊल

कॅनडातील टोरांटो शहराचा सी. एन. टॉवर मुळात हौसेसाठी उभारलेला नाही. शहरात उंच इमारती झाल्या, त्यांनी दूरचित्रवाणी व नभोवाणीच्या लहरी अडवल्या, म्हणून एका रेल्वे कंपनीने ५५३ मीटर उंचीचा हा मनोरा बांधला. १९७६ साली तो लोकांस खुला झाला. आज तेथे माणसे जातात ती दूरवरचे पाहण्यासाठी, आणि खरे सांगायचे तर थोडेसे भिण्यासाठी.

१९९४ साली तेथे ३४२ मीटर उंचीवर काचेची जमीन बसवण्यात आली. ही काच माणसांच्या गर्दीचे ओझे सहज पेलते, हे ठाऊक असूनही प्रौढ माणूस कडेला थबकतो, पाऊल पुढे टाकून मागे घेतो. मुले मात्र तिच्यावर खुशाल लोळतात. सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल याने हे कोडे फार आधी ओळखले होते. थोर तत्त्वज्ञ हवी त्याहून रुंद फळीवर उभा असला, पण खाली खोल दरी असली, तर बुद्धीने दिलेली हमी त्याच्या कल्पनाशक्तीपुढे टिकत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. बुद्धी मान्य करते, पाय मान्य करीत नाहीत!

मग पाऊल पडते ते कशाच्या बळावर? आपण त्याला धैर्य म्हणतो. मला तो शब्द येथे जड वाटतो. २०११ पासून ३५६ मीटर उंचीवर, कठडा नसलेल्या दीड मीटर रुंदीच्या कडेवरून फिरण्याचीही सोय झाली. दोरावर भार टाकून, हात मोकळे सोडून लोक बाहेर झुकतात. ते मरणाशी झुंजत नसतात. काच घडवणारा, दोर तपासणारा, पट्टा आवळणारा अशा अनोळखी माणसांनी आपले काम प्रामाणिकपणे केले आहे, एवढे ते मानून चालतात. तो विश्वास होय, आणि तो तिकिटाबरोबर मिळत नाही. नवल हे, की हाच गृहस्थ खाली उतरल्यावर शेजाऱ्याला उसने देताना दहादा विचार करतो.

धैर्य शोधायचेच तर ते बांधणाऱ्यांत शोधावे. सुमारे दीड हजार कामगार चाळीस महिने राबले; पाहुणे जेथे थबकतात त्या उंचीवर ते पोटासाठी चढत. त्यांतील एकाने १९७५ साली हवाई छत्री घेऊन मनोऱ्यावरून उडी घेतली. त्या उडीला धैर्य म्हणावे की अविचार, यावर वाद घालता येईल. तो सुखरूप उतरला. नोकरी मात्र गेली.